लंकाबाईचं कुर्र

आत्याशिवाय बारसं म्हणजे काय, सांगा मला. पाळणा सजवा, घुगऱ्या वाटा, बाळंतिणीला हिरवी साडी नेसवा, सगळं करा. पण आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करून नाव सांगितल्याशिवाय, आणि तेवढ्यात बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातल्याशिवाय नाव पडत नाही. आमच्याकडे तरी नाही. आता आत्या राहुरीच्या उसात आणि पाळणा जर्मनीत म्हटल्यावर काय करायचं? आम्ही केलं की! माझ्या घरात केलं, माझ्या लेकीच्या कॉम्प्युटरवर केलं. अजूनही ते सांगायला घेतलं की मला बसून सांगता येत नाही, उभीच राहते मी.

माझं नाव राही. तोंडानं फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवते. माझे मालक गोरक्ष म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही. असू दे. हाड नसलेली जीभच त्या दिवशी कामाला आली.

आमचा ऊस दर साली बजरंग मुकादमाची टोळी तोडते. पाथर्डी तालुक्यातली माणसं. दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून येतात, कालव्याकडेच्या आमच्या पडीक तुकड्यात पाचटाच्या कोप्या उभ्या करतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तिथंच राहतात. लंकाबाई आणि तिचा नवरा आसाराम त्याच टोळीतले. ती माझ्याच वयाची. उंच, सडसडीत, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर अशी चढते की खाली उभं राहून बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. बोलणं कमी. पण एकदा का भावाचा विषय निघाला, की तिला थांबवायला मुकादमच लागतो.

भाऊ म्हणजे कल्याण. तो जन्मला तो फडातच, ऊस तोडणीच्या दिवसांत. बाळंतीण कोपीत, आणि आत्या दुसऱ्याच कारखान्याच्या तोडीला गेलेली. आत्या आणायची कुठून? मग टोळीतल्या बायांनी परकर-पोलक्यातल्या या लंकालाच पुढं ढकललं. तीच बहीण आणि तीच आत्या. तिनं लेकराच्या कानात कुर्र केलं, कल्याण नाव सांगितलं, आणि बायांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती रडायलाच लागली. ही गोष्ट सांगताना ती दर वेळी हसून हसून डोळ्याला पदर लावते.

कल्याण रांगत होता तेव्हा आई गेली. मग लंकाच त्याची आई झाली. बाप ऊस तोडायचा, ही मोळ्या बांधायची आणि भावाची झोळी सांभाळायची. उसाच्या रानात झाड असतं कुठं? बांधावर एखादी बाभळ, नाहीतर उभ्या बैलगाडीच्या आडोशाची जागा. सावली सरकली की ही हातातलं काम टाकून पळायची आणि झोळी सरकवायची. परत पळत येऊन मोळी बांधायची. मुकादमाच्या शिव्या खायची आणि थोड्या वेळानं परत पळायची. लंकाबाई म्हणते, “ताई, माझं लहानपन समदं त्या सावलीच्या मागं पळन्यात गेलं.”

पुढं कल्याण नगरला वसतिगृहात राहिला. टोळीत फोन एकच, मुकादमाचा, आणि मागं रांग लागलेली. सगळ्यांच्या देखत काय बोलणार? ही पदर तोंडावर घेऊन फोनमध्ये कुजबुजायची. पहिलं वाक्य ठरलेलं, जेवलास का. आणि ठेवताना हळूच कुर्र. रांगेतल्या माणसांना वाटायचं, हिला खोकला झालाय. तिकडं कॉलेजातला दाढी फुटलेला पोरगा फोन कानाला गच्च धरून ते ऐकायचा. इंजिनिअर झाला, जर्मनीला गेला, नगरातल्याच सावेडीच्या आरतीशी लग्न झालं, पण फोन ठेवताना कुर्र चालूच. आता तर व्हिडिओवर. कोपीच्या बाहेर बसून, तडा गेलेल्या काचेतून, भाऊ आणि बहीण एकमेकांना कुर्र करतात. मी बघितलंय.

तर त्या कल्याणला मुलगी झाली. बारसं रविवारी करायचं ठरलं, आणि त्यानं बहिणीला सांगितलं, आक्का, नाव तूच ठेव, कानातही तूच सांग. आम्हाला आधी कळू सुद्धा देऊ नकोस. लंकाबाई चार दिवस ऊस तोडता तोडता नाव शोधत होती. टोळीतल्या सत्यशीलाला सांगितलं नाही, आसारामला सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं तर मला म्हणाली, “नाव आदी लेकराच्या कानात. मंग गावाच्या.” आता मी या रानाची मालकीण, मला असं तोंडावर! राग आला, पण आवडलंही.

घोळ झाला तो लिंकेचा. आरतीचं सावेडीचं माहेर, कल्याणचे तिकडचे मित्र, सगळ्यांनी एकदम बघायचं म्हणून त्यानं मीटिंगची लिंक पाठवली. लंकाबाईचा फोन जुना. नेहमीचा व्हिडिओ कॉल त्याच्यावर कसाबसा चालतो, पण ही लिंक दाबली की नवीन ॲप मागायची, आणि ॲप घ्यायला गेलं की पाटी यायची, ‘तुमचे डिव्हाइस या आवृत्तीशी सुसंगत नाही’. शनिवारी संध्याकाळी ती फोन घेऊन माझ्या ओट्यावर आली. म्हणाली, सुसंगत म्हंजी काय ओ ताई? मी म्हटलं, तुझ्या फोनची आणि त्या ॲपची पत्रिका जुळत नाही.  ती हळूच म्हणाली, मंग आता बारसं?

तिचा तो चेहरा बघून मला जे काही झालं ना! मी म्हटलं, पत्रिका गेली खड्ड्यात, आपल्याकडे दुसरं स्थळ आहे. माझी लेक सृष्टी पुण्याला शिकते, तिचा शाळेच्या वेळचा कॉम्प्युटर घरात टॉवेल पांघरून पडलेला. वर कॅमेरा चिकटवलेला, शेजारी स्पीकर. माझ्या फोनवरही ती लिंक उघडत होती, खोटं कशाला बोलू. पण बारसं काय तळहाताएवढ्या काचेत बघायचं? भाची दिसायची तर चांगली पाळण्याएवढी दिसू दे. मी हट्टाला पेटले म्हणजे पेटले.

रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी, बारसं. बजरंग मुकादम कुरकुरला, ट्रॅक्टर भरायचा राहिलाय म्हणाला. मी बांधावर जाऊन त्याला सांगितलं, ऊस माझा आहे आणि तो तासाभरात कुठं पळून जात नाही. मग काय, नुसती लंकाबाई कशाला, सत्यशीला आणि टोळीतल्या सगळ्या बाया आल्या. दारात कोयते ठेवले, हातपाय धुतले, तोंडावरची काजळी धुतली. लंकाबाईनं ट्रंकेतली मोरपंखी साडी नेसली होती. माझा हॉल भरून गेला.

मी कॉम्प्युटर चालू केला आणि त्या मेल्याला नेमकी तेव्हाच अंग धुवायची आठवण झाली. ‘अपडेट होत आहे, बंद करू नका.’ ते गोल गोल फिरतंय, इकडं माझं डोकं फिरतंय. मी टेबलावर थाप मारली, सृष्टीला फोनवर झापलं, तिची काही चूक नसताना. शेवटी एकदाचा उघडला. कॅमेऱ्याला परवानगी द्या म्हणे, दिली. माइकला द्या म्हणे, दिली बाबा, घे. आणि पडदा लख्ख झाला. पाळणा! पांढरा जाळीदार पाळणा, झेंडूच्या कागदी माळा, आणि आत लाल टोपरं घातलेलं इवलंसं तोंड. बायांच्या तोंडून एकदम ‘अगं बाई’ निघालं.  लंकाबाईनं पडद्यावर बोटं ठेवली आणि दोन्ही हातांनी भाचीची दृष्ट काढून बोटं कानशिलावर मोडली.

तिकडं कल्याण, आरती, बाळंतपणाला गेलेली आरतीची आई आणि चार-दोन मित्रमंडळी. शेजारच्या चौकटीत सावेडीचं माहेर दाटीवाटीनं बसलेलं. पाळण्याच्या वरून-खालून बाळाची देवघेव झाली. मग आरतीची आई म्हणाली, या लंकाताई, सांगा नाव.

आता लंकाबाईनं काय करावं? पडद्यावर बाळाचा कान दिसत होता. ती खुर्चीवरून उठली, पुढं वाकली, आणि थेट त्या कानाला तोंड लावून कुजबुजली. काचेवर वाफ धरली. कुर्रर्र. आम्ही बाया मागं हात उगारून तयार. आणि तिकडं सगळी माणसं एकमेकांकडं बघतायत. कारण माइक वर, कॅमेऱ्यात. त्यांना दिसत होता तिच्या डोक्याचा भांग, आणि ऐकू येत होतं शून्य. सावेडीवाले हसले. मीही हसले, पण लगेच तिचा चेहरा बघून आवरलं. तिचं काय चुकलं? कानात सांगायचं, तर कानातच सांगणार ना माणूस.

मी तिचं तोंड धरून वर कॅमेऱ्याकडं नेलं. म्हटलं, इथं सांग. तिनं परत कुर्र केलं. तिकडं परत शून्य! मी नुसती खाकरले की ऐकू जायचं, आणि हिचं कुर्र मात्र नाही. वायरी बघितल्या, आवाज वाढवला. मग कल्याणच्या लक्षात आलं. म्हणाला, “आक्का, तुझं कुर्र कॉम्प्युटरला खरखर वाटतीय. तो ती पुसून टाकतोय.”

घ्या! पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, असले आवाज काढून टाकायची सोय असते म्हणे त्यात. त्या केरात आत्याचं कुर्र पण झाडून टाकलं की हो त्यानं. ती सोय बंद करायचं बटन कल्याणच्या पडद्यावर होतं, ते कुठं आहे हे तो मला सांगत होता, आणि माझ्या पडद्यावर त्या जागी काहीच नव्हतं. फोनची पत्रिका जुळली नाही म्हणून कॉम्प्युटर आणला, तर त्याची आत्याशीच जुळेना. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

एवढ्यात बाळ रडायला लागलं. भुकेची वेळ झालेली. आरतीची आई घाई करायला लागली. बाई वाईट नाही, नातीचं रडणं कुणाला बघवतं? पण ती म्हणाली की लंकाताईंनी मोठ्यानंच नाव सांगावं. लंकाबाईनं मान हलवली, नाही म्हणून. मग ती म्हणाली, बरं, ही इथली मैत्रीण रेश्मा उभी आहे, कल्याणरावांना राखी बांधते, तिला नाव मेसेज करा, ती सांगेल बाळाच्या कानात. रेश्मा बिचारी पाळण्याजवळ सरकली सुद्धा.

 लंकाबाईनं पदर सावरला आणि दाराकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला सहन झालं नाही. झोळी सरकवत मोठा केलेला भाऊ, त्याचं पहिलं लेकरू, आणि एका बटनासाठी हिनं दारातला कोयता उचलून फडात परत जायचं? माझी जीभ सुटली. मी कॅमेऱ्यात तोंड घालून म्हटलं, “विहीणबाई, आत्या जिती हाय अजून. लेकरू रडतंय तर पाजून घ्या, आमी थांबतो. नाव आत्याच सांगंल!” रागात मी आमच्या आईच्या बोलीवर जाते, त्याला इलाज नाही.

 मग कल्याण पाळण्याजवळून उठून पुढं आला.  म्हणाला, “आक्का, तुझा फोन काढ. होस्टेलवर करायचीस ना, तसा कर.”

लंकाबाई बघतच राहिली. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बघायला कॉम्प्युटर आणि बोलायला फोन! दोघांची पत्रिका जुळवायचीच कशाला? एकाचे डोळे घ्या, दुसऱ्याचा कान घ्या. तिनं कमरेच्या पिशवीतून तो तडा गेलेला फोन काढला, नेहमीच्या ॲपवरून नुसता आवाजाचा कॉल लावला. तिकडं कल्याणनं उचलला, आणि अरे देवा, घरभर अशी शिट्टी वाजली, कुईंईं, की बायांनी कानांवर हात ठेवले. फोनचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटरचा फोनमध्ये, दोघं भांडायला लागले. मी झटक्यात कॉम्प्युटरचा माइक बंद केला, स्पीकर बंद केला, कल्याणला खुणेनं सांगितलं, तुझाही कर. सगळं शांत झालं.

पडद्यावर दिसत होतं. कल्याणनं फोन बाळाच्या कानाजवळ धरला, अगदी हलका. आणि स्वतःची मान दुसरीकडं वळवली, स्वतःलाही नाव ऐकू येऊ नये म्हणून. इकडं लंकाबाईनं पदर तोंडावर घेतला, फोन ओठांशी नेला, तशीच, मुकादमाच्या फोनवर बोलायची तशीच. बाळ रडत होतं, तोंड लालेलाल, मुठी आवळलेल्या. लंकाबाईचे खांदे हलले. आणि बाळ गप्प झालं. एकदम गप्प! टोपऱ्यातले डोळे मोठे करून बघत राहिलं, कोण बोलतंय म्हणून. आवाज बंद होता तरी तिकडं आरतीनं तोंडावर हात घेतलेला दिसला. 

मग सत्यशीला ओरडली, “बायांनू, बघता काय? हाना!” आणि पडले की धपाटे! ऊस तोडणारे हात ते, त्यांचा धपाटा काय साधा असतो? लंकाबाई वाकली, हसायला लागली, फोन सोडेना, हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी मागं होते. मी कधी तिच्या पाठीवर हात ठेवला नव्हता, एवढ्या सालात. कोपीवर जाते, जनावरांना वाढं मागते, हसते-बोलते, पण हात नाही ठेवला. ती मान वळवून म्हणाली, “ताई, तुमचा राहिला की. जोरात घाला, न्हाई तर नाव लागायचं न्हाई.” मग मी घातला. चांगला दणदणीत घातला.

फोन ठेवून ती उभी राहिली आणि भरल्या आवाजात नाव पुकारलं. आणि तिकडं कुणी हललंच नाही, नुसते बघतायत. माझाच शहाणपणा, माइक बंद! बायांनी मला जे धारेवर धरलं. मी माइक चालू केला, स्पीकर चालू केला, कल्याणलाही खुणेनं करायला लावला, आणि म्हटलं, लंके, घे, आता साऱ्या जगाला ऐकव.

“सावली,” ती म्हणाली. “सावली कल्याण.”

सगळी टोळी मागून ओरडली, सावली! सावेडीच्या चौकटीत टाळ्या, तिकडं टाळ्या. आरतीची आई पुढं येऊन दोनदा तेच नाव म्हणून बघत होती, मग डोळे पुसून म्हणाली, लंकाताई, माझ्या बोलण्याचा राग धरू नका, किती गोड नाव ठेवलंत.  कल्याण मात्र पाळण्यापाशी खाली बसला होता, आणि त्यानं पाळणा खिडकीतल्या उन्हातून हळूच इकडं सरकवला. ते लंकाबाईनं बघितलं आणि मी बघितलं.

पेढे संपले, बाहेर मुकादमानं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला. बाया कोयते उचलून निघाल्या. लंकाबाई मोरपंखी साडीचा ओचा खोचत होती. मला राहवेना. मी तिला विचारलं, अगं, नाव तर एवढंसं, मग इतका वेळ काय सांगत होतीस कानात?

ती चपला घालता घालता थांबली. म्हणाली, “नाव सांगितलं. कुर्र केलं. मंग इचारलं, दूद पिलीस का गं माय.”

एवढं बोलून ती बांधावरून पळाली, कारण ट्रॅक्टर भरायचा राहिला होता. माझा तळहात तिच्या पाठीवरच्या धपाट्यानं अजून झिणझिणत होता.